मदत हवी आहे: वेग वाढला की फिशफाइंडरवरचा तळ नाहीसा होतो, ट्रान्सड्यूसर बदलावा की त्याची जागा?

नमस्कार.

माझी होडी फायबरची, सुमारे पाच मीटर लांबीची आणि व्ही आकाराच्या तळाची असून तिला ४० अश्वशक्तीचे एकच आउटबोर्ड इंजिन आहे. मी बहुतेक वेळा ५ ते ३० मीटर खोल पाण्यात असतो, क्वचित ६० मीटरपर्यंत जातो. फिशफाइंडरसोबत (ध्वनीच्या साहाय्याने खोली आणि मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रासोबत) आलेला, ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन वारंवारितांचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडणारा आणि त्याचा प्रतिध्वनी टिपणारा भाग, मी स्वतः ट्रान्समवर, म्हणजे इंजिन टांगलेल्या मागच्या उभ्या बाजूवर, पंख्याच्या उजव्या हाताला सुमारे ५० सेंटिमीटरवर बसवला आहे. त्याचा खालचा पृष्ठभाग होडीच्या तळापेक्षा ३ मिलिमीटर खाली आहे.

चार-पाच नॉट वेगाला चित्र इतके स्वच्छ असते की कठीण तळाची रुंद, ठळक रेषा आणि चिखलाची फिकट रेषा यांतला फरक सहज कळतो. दहा नॉटच्या पुढे मात्र ही रेषा तुटू लागते, बारा नॉटला खोलीचा आकडा लुकलुकतो आणि नंतर शेवटच्या वाचनावर अडकून राहतो. ही मला निव्वळ गैरसोय वाटत नाही, कारण अनोळखी पाण्यात वेगाने जाताना पडद्यावर खोटा आकडा असण्यापेक्षा तो नसलेला बरा. आणखी एक गोष्ट म्हणजे, सावकाश जातानाही माशाची कमान (पडद्यावर मासा ज्या कमानीच्या आकारात दिसतो ती) पूर्ण उमटत नाही. तिची एक बाजू लांब आणि दुसरी तोकडी दिसते.

संवेदनशीलता वाढवून पाहिली, तर पडदा ठिपक्यांनी भरला. गोंगाट गाळणारी सोय वाढवली, तर ठिपक्यांबरोबर मासेही गेले. वीज थेट बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजमधून घेतली आहे. होडी जागेवर ठेवून, गिअर न टाकता इंजिनाचे फेरे वाढवले, तेव्हा चित्रात काहीही बिघाड झाला नाही.

ट्रान्समला या बसवणीमुळे आधीच चार भोके पडली आहेत आणि त्याच्या आत लाकूड असल्याने पाणी मुरण्याची मला सतत काळजी वाटते. म्हणून आणखी भोक पाडण्यापूर्वी विचारतो: हा दोष ट्रान्सड्यूसरच्या निवडीचा आहे की जागेचा? चर्प पद्धतीचा, म्हणजे वारंवारितांचा पट्टा पाठवणारा, नवा ट्रान्सड्यूसर घेतल्याने फरक पडेल का? आणि तळाच्या आतून, फायबरला चिकटवून बसवण्याचा प्रकार माझ्या होडीसाठी योग्य ठरेल का?

प्रतिसाद १

कृपया इतक्यात काहीही विकत घेऊ नका. गिअर न टाकता फेरे वाढवूनही चित्र स्वच्छ राहिले, याचा अर्थ इंजिनाच्या विजेचा उपद्रव तुम्हाला नाही, आणि तारा बदलण्याचा खटाटोप वाचला. आता दुसरी चाचणी करा. बारा नॉटला आकडा अडकला की एकदम वेग कमी करा. होडी खाली बसताच एक-दोन सेकंदांत तळ परत आला, तर ट्रान्सड्यूसर ठणठणीत आहे आणि त्याच्या तोंडाखालून हवेचे बुडबुडे जात आहेत असे समजा. ध्वनीला पाण्यातून हवेत शिरता येत नाही, तो त्या सीमेवरूनच परत फिरतो. त्यामुळे बुडबुड्यांचा पातळसा थरही पडद्यासारखा आड येतो. वारंवारिता बदलून हा पडदा दूर होणार नाही, मग पद्धत चर्प असो वा जुनी.

यानंतर दुसऱ्या कोणाला तरी होडी चालवायला द्या, अंगात जीवरक्षक जॅकेट घाला, मागे पंख्यापासून सुरक्षित अंतर राखून बसा आणि ट्रान्समखालून सुटणाऱ्या पाण्याकडे पाहा. काचेसारखे नितळ पाणी कुठून निघते आणि दुधासारखे पांढरे पाणी कुठून, हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. तळावर लांबीच्या दिशेने उठलेल्या पट्ट्या, पाणी आत घेण्याची तोंडे आणि जुने ओरखडे यांच्या मागे पांढरा पट्टा हमखास असतो.

पंख्यापासून किमान ३८ सेंटिमीटर अंतर ठेवावे असे साधारणतः सुचवले जाते. मागून पाहताना पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर उजव्या बाजूला पाती खाली जातात, म्हणून तुम्ही निवडलेली बाजू बरोबर आहे. कमान तोकडी दिसते त्याचे कारण बहुधा कलण्यात आहे: होडी नेहमीच्या भाराने पाण्यात असताना ट्रान्सड्यूसरचे तोंड सरळ खाली असले पाहिजे, फार तर मागची कड पुढच्या कडेपेक्षा किंचित खाली चालेल. इंधनाची टाकी मागे भरलेली असताना आणि पुढे कोणी बसलेले नसताना जमिनीवर केलेले माप पाण्यात चुकते.

वारंवारितेविषयी थोडक्यात: तुमच्या खोलीला २०० किलोहर्ट्झ पुरेसे आहे. ट्रान्सड्यूसरमधून खाली पसरणाऱ्या ध्वनीच्या शंकूचा कोन २० अंश धरला तर १० मीटरवर तळाचा सुमारे साडेतीन मीटर रुंद भाग दिसतो, ३० मीटरवर साडेदहा. ५० किलोहर्ट्झचा शंकू रुंद असतो आणि तो खोलवर पोचतो, पण पाण्यात त्याची तरंगलांबी सुमारे ३० मिलिमीटर असते, तर २०० किलोहर्ट्झची साडेसात. त्यामुळे तळाला चिकटून असलेले मासे वेगळे दिसण्यात तो मागे पडतो. चर्पमध्ये एकाच वारंवारितेऐवजी वारंवारितांचा पट्टा पाठवला जात असल्याने जवळजवळ असलेले मासे सुटे दिसतात आणि हा लाभ खरा आहे, परंतु तो जागा योग्य असेल तेव्हाच पदरात पडतो.

प्रतिसाद २

आतून बसवण्याच्या पर्यायाबद्दल लिहितो, कारण मी तो वापरतो. तळाचा फायबर भरीव असेल तरच हा मार्ग धरावा. थरांमध्ये लाकूड किंवा फोम असेल तर ध्वनी तिथेच मरतो. भरीव फायबरमध्येही संकेत थोडा घटतो आणि पाण्याचे तापमान नीट मिळत नाही. तळ तिरका असल्यामुळे शंकूही तिरका पडू शकतो. त्यामुळे जागा मधल्या कण्याच्या जितकी जवळ तितके बरे, अथवा कोन जुळवता येणारा प्रकार निवडावा.

चिकटवण्यापूर्वी एक साधी परीक्षा करा. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून त्यात ट्रान्सड्यूसर ठेवा, तळाचा आतला भाग ओला करून पिशवी त्यावर दाबून धरा आणि मिळालेली खोली बाहेर पाण्यात धरलेल्या वाचनाशी ताडून पाहा. पिशवीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. मी घाईत असा एक बुडबुडा राहू दिला होता आणि होडीचा तळ जाड आहे असे समजून चांगली जागा सोडून देणार होतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वेग सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत तळ परत आला. त्यानंतर भाऊ होडी चालवत असताना मी मागे बसून पाहिले. तळावरची उठलेली पट्टी जिथे संपते, तिथून तीन बोटे रुंदीची पांढरी रेघ निघून नेमकी ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखालून जात होती, आणि तिच्या डाव्या हाताला, हातभरही दूर नाही, पाणी अगदी नितळ होते. पट्टी संपली म्हणजे तिच्यामागे पाणी सरळ येत असेल, अशा समजुतीने मी ती जागा मुद्दाम निवडली होती.

ट्रान्सड्यूसर पंख्याच्या दिशेने ९ सेंटिमीटर सरकवला, म्हणजे आता अंतर ४१ सेंटिमीटर आहे. भोके पुन्हा पाडावी लागू नयेत म्हणून प्लास्टिकची जाड फळी एकदाच ट्रान्समला लावून तिच्यावर तो बसवला. होडी पाण्यात असताना तोंडाचा कोनही जुळवला. आता १८ नॉटपर्यंत रेषा अखंड राहते आणि कमान दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. आतून बसवण्याचा विचार त्यामुळे सोडला आहे.

दोन शंका उरल्या आहेत. डावीकडे जोरात वळताना आकडा क्षणभर जातो, उजवीकडे वळताना जात नाही. आणि जुनी चार भोके कशाने बुजवावीत?

प्रतिसाद १

डावीकडे वळताना होडी डावीकडे कलते आणि उजवी बाजू वर उचलली जाते, त्यामुळे ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर येतो. हा बसवणीतला दोष नाही. तो त्यासाठी आणखी खाली घेऊ नका, कारण मग सरळ जाताना पाणी फवाऱ्यासारखे उडेल आणि त्याच्यावर ताण येईल.

भोकांबाबत घाई करू नका. सिलिकॉन भरून मोकळे होण्याचा मोह टाळा, कारण ते लाकडाला धरून राहत नाही आणि त्यावर नंतर दुसरे काही चिकटतही नाही. भोके थोडी मोठी करून ओले लाकूड काढा, होडी सावलीत ठेवून आतला भाग पूर्ण वाळू द्या, आधी पातळ इपॉक्सी (वाळून कडक होणारी राळ) मुरवा आणि मग दाट केलेल्या इपॉक्सीने ती भरा. पुढे तळाला शेवाळरोधक रंग द्याल तेव्हा ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर फक्त पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड), त्यासाठीचाच रंग लावा. तीव्र द्रावक असलेल्या रंगाने त्याचे प्लास्टिक खराब होते.