गल्लीतली थाई खानावळ: या, अनुभव लिहा

पोहेकरीण
काल मंडईत गवती चहाची जुडी घेतली तर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "ताई, हल्ली पोरं चहाला नाही नेत, सूपला नेतात." झालं, दुपारभर डोक्यात बँकॉकच्या ओन नुत भागातली गल्ली.

बँकॉकला राहायचो तेव्हा घराच्या मागच्या सोईत (तिथे गल्लीला सोई म्हणतात) एक काकू शटर वर करून बसायच्या. स्टीलची चार टेबलं, प्लॅस्टिकची स्टुलं, कढई आणि शेगडी थेट फुटपाथच्या बाजूला. म्हणजे धूर आधी गिऱ्हाइकाला, मग गल्लीला. भिंतीवर राजाचा फोटो आणि कोपऱ्यातल्या फळीवर चक्क गणपती! पुढ्यात लाल फँटाची बाटली, झाकण काढून स्ट्रॉ घातलेली. तिथे देवाला हे असं लाल सरबत ठेवायची पद्धतच आहे. आपण मोदक ठेवतो, ते फँटा ठेवतात. बाप्पाची काही तक्रार दिसली नाही.

मेन्यूकार्ड वगैरे नाही. मी रोज एकच खायचे, "फात कप्राव काय" (थाईत काय म्हणजे कोंबडी). चिकनचा खिमा, लसूण, मिरच्या ठेचून मोठ्या आचेवर परतायच्या, फिश सॉस, चिमूटभर साखर आणि गॅस बंद करताना मूठभर पानं. भातावर कडा कुरकुरीत झालेलं अंडं. ती पानं म्हणजे आपली तुळस. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती एवढंच म्हणाली, "तुळस? कोंबडीत?" आणि बाबांना हाक मारली.

मॉलमधलं, हॉटेलातलं नको हं. अशी गल्लीतली, चार टेबलांची ठिकाणं असतील तर लिहा. देश कुठलाही चालेल.

लवंगी
अगं तुळशीवरून सांगते. आमच्या न्यू जर्सीत एका स्ट्रिप मॉलच्या टोकाला नवरा-बायको चालवतात. तो गल्ल्यावर, ती आत. तिच्याकडे कप्रावमध्ये दुसरंच पान असायचं, बडीशेपेसारख्या वासाचं, ते ग्रीन करीत घालतात ते. विचारलं तर म्हणाली खरं पान इथे धड मिळतच नाही, थंडीत तर नाहीच. मी पुढच्या वेळी मंजिऱ्या नेऊन दिल्या. तिने चुरगाळून हुंगल्या, म्हणाली लवंगेचा वास जरा जास्त आहे, पण चालेल. आता तिच्या मागच्या दाराशी कुंड्या आहेत 😄 सासूबाईंना कळल्यावर अट एकच: "वृंदावनातली देऊ नकोस, कुंडीतली दे."

खादाडखाऊ
+१. ऑफिसात आहे. डब्यात दुधी. या धाग्याचा निषेध.

मधलीआळी
आम्ही शाकाहारी. आमचे अनुभव कोण ऐकणार? तिथे भाजीतही फिश सॉस, सूपमध्येही फिश सॉस, आणि "नो मीट" म्हटलं की काकू प्रेमाने कोळंबी घालणार. यावर उपाय एकच, पिवळा झेंडा शोधायचा. पिवळ्यावर लाल अक्षरं असतात, ते "जे" जेवण. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काहीही नाही, आणि लसूण-कांदासुद्धा नाही! आमच्या एकादशीपेक्षा कडक. वर्षातून नऊ दिवस त्याचा मोठा उत्सव असतो, फुकेतचा खास प्रसिद्ध. चिनी पंचांगाचा नववा महिना, म्हणजे बहुतेक वेळा आपल्या नवरात्राच्या आसपासच. तेव्हा गेलात तर गल्लोगल्ली पिवळे झेंडे. आम्ही तेव्हाच गेलो होतो. सासरे साबुदाण्याची पिशवी घेऊन आले होते, ती तशीच परत नेली.

लवंगी
@मधलीआळी प्रेमाने कोळंबी 😂😂

पक्का_डोंबिवलीकर
मी व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळचे बोट नूडल्स सांगतो. वाटी एवढीशी, दोन घासांत संपते. पूर्वी कालव्यांत होडीतून विकायचे, भरलेला मोठा वाडगा किनाऱ्यावर देताना सांडायचा म्हणून वाटी लहान, असं सांगतात. आता होडी गेली, वाटी तेवढीच राहिली. संपली की टेबलावर एकावर एक रचत जायचं, शेवटी वाट्या मोजून बिल. शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं आपला मनोरा बघत असतात, त्यामुळे उगाच खाल्लं जातं. रस्सा गडद असतो, त्यात रक्त घालतात. बायकोला हे मी वाट्या मोजून झाल्यावर सांगितलं.

पोहेकरीण
@डोंबिवलीकर घरी अजून बोलतात ना तुमच्याशी?

पक्का_डोंबिवलीकर
बोलते. पण रस्सा म्हटलं की आधी चौकशी करते.

शुद्धलेखनप्रेमी
दोन गोष्टी. एक, थाई जेवण चॉपस्टिक्सने खात नाहीत. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या, काट्याने चमच्यात ढकलायचं. चॉपस्टिक्स सूपातल्या नूडल्सना. पुण्यातल्या "ऑथेंटिक" जागांमध्ये भाताबरोबर चॉपस्टिक्स आल्या की मी शांतपणे परत करतो. दोन, फाद थाई (परतलेल्या नूडल्स) फार पुरातन वगैरे नाही. फिबुन सोंगख्राम पंतप्रधान होते, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, तेव्हा सरकारने नूडल्स खा म्हणून प्रचार केला, त्यातून तो देशभर पसरला. आणि परदेशात हल्ली कोपऱ्याकोपऱ्यावर थाई दिसतं त्यामागेही तिथल्या सरकारचा हात आहे, २००२ मध्ये जगभर थाई रेस्तराँ वाढवायची मोहीमच काढली होती. तेव्हा "अस्सल"चा फार गहिवर नको. तरीही टेबलावर साखर, तिखटपूड, मिरची घातलेला व्हिनेगर आणि मिरची घातलेला फिश सॉस ही चौकडी नसेल तर मी तिथे बसत नाही. नूडल्सची चव शेवटी खाणाऱ्यानेच लावायची असते.

खादाडखाऊ
वरचं वाचताना दुधी संपला. धन्यवाद.

बे_एरियावाली
बर्कलेचं थाई देऊळ कुणीच कसं नाही लिहिलं? रविवारी सकाळी मागच्या अंगणात जेवण. आधी रोख देऊन टोकन घ्यायची, मग एकेका टेबलापुढे रांग. स्वयंसेवक वाढतात. लोक मँगो स्टिकी राईसच्या रांगेत आधी उभे राहतात, म्हणजे गोड आधी, आपल्याकडच्या लग्नात मुलं करतात तसं. लेकीचं पोहणं आहे, बाकी नंतर लिहिते

माडाखालची
आमचं रत्नागिरी. उत्तर थायलंडात च्यांग माईला एका घरात राहिलो होतो, आजींनी करी केली तेव्हा मी ओट्यापाशीच उभी. नारळाचा घट्ट पहिला रस आधी कढईत, तेल सुटेपर्यंत आटवला, मग त्यात वाटण परतलं, पातळ रस शेवटी. आम्ही नेमकं उलटं करतो, घट्ट रस शेवटी आणि उकळी येऊ द्यायची नाही, फुटतो म्हणून आई ओरडायची. इथे मुद्दाम फोडतात! भाषा येत नव्हती, पण मी डोळे मोठे केले ते आजींना कळलं, त्यांनी हसून पळी माझ्या हातात दिली. सोम तामचं पण तसंच. कच्ची पपई, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, शेंगदाणे मातीच्या खोल उखळीत, आणि वर सुकट! मिरच्या किती ते आधी बोटं दाखवून विचारतात. मी तीन बोटं दाखवली, त्यांनी दोन मिटली.

शुद्धलेखनप्रेमी
@माडाखालची सोम ताम इसानचं, ईशान्येकडचं. च्यांग माईचं म्हणाल तर खाव सोई, नारळाच्या रश्शातल्या नूडल्स.

माडाखालची
माहीत आहे हो दादा. खाव सोईपण खाल्लं. वर तळलेल्या कुरकुरीत शेवया, बाजूला लोणच्यातला मोहरीचा पाला, कच्चा कांदा, लिंबू. मोबाईलवर किती टायपू, आमटी उतू जातेय.

भटक्या७७
जे फायला गेलंय का कुणी? बँकॉकचं पहिलं मिशेलिन गाईड आलं त्यात तारा मिळालेल्या, गॉगल लावून कोळशाच्या शेगडीवर खेकड्याचं ऑम्लेट करणाऱ्या आजी. आम्ही रांग बघून शेजारच्या थिप समायला गेलो, तिथेही रांग. पण पटापट पुढे सरकते. अंड्याच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला फाद थाई. दुकान बाहेरून दिसायला साधं, कढया रस्त्यावर. बाकी माझं मत विचाराल तर तारे गेले उडत, स्टूल डुगडुगत असेल तिथे बसावं.

नवखी
प्रश्न विचारू का? घरी ग्रीन करी करायची आहे. काफिर लाईमची पानं नाहीत, दारात पपनसाचं झाड आहे. पान तसंच जोडलेलं दिसतं. चालेल?

माडाखालची
दिसतं तसं, वास तो नाही. त्यापेक्षा लिंबाची साल किसून घाल. पपनसाची मात्र कोशिंबीर करतात तिथे, भाजलेलं खोबरं, कोळंबी, मिरची घालून. गणपतीत पपनसं उरतात ना, तेव्हा करून बघ. कोळंबी वगळून 🙏

नवखी
आणि गलांगल, ते आल्यासारखं दिसणारं? काष्ठौषधीवाला कुलंजन म्हणून वाळलेले तुकडे देतोय.

पोहेकरीण
झाड तेच. पण वाळलेलं काढ्याला ठीक, करीत ताजंच हवं. नाही मिळालं तर सरळ वगळ, आलं घालू नकोस, चव भलतीकडे जाते.

मधलीआळी
आणि फिश सॉसऐवजी मीठ नि थोडा सोया. आमच्याकडे हेच.

खादाडखाऊ
साखरेऐवजी गूळ चालतो का

माडाखालची
तिथे ताडगूळच घालतात. गोव्यात माडाचा गूळ मिळतो, काळपट ढेपा असतात, तो उत्तम. कुणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाणार असेल तर माझ्यासाठीपण आणा, पैसे लगेच पाठवते.