नातू विचारतोय, या चतुराचं मराठी नाव काय?

निवृत्त_बाई

मंडळी, नमस्कार. मी देवगड तालुक्यातली. ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून आता घरी बसले आहे.

एप्रिलच्या शेवटी लेकीकडे नेदरलँड्सला गेले होते, झ्वोले नावाच्या गावी. जुलैअखेर परत आले. तिकडे काय बघितलंत असं कुणी विचारलं की मी ट्यूलिप सांगून मोकळी होते, लोकांना तेच ऐकायचं असतं. खरं सांगायचं तर तीन महिने मी त्यांच्या घरामागच्या चराकडे बघत बसले होते. चर म्हणजे आपल्या मळ्यातल्या पाटाएवढाच, पण पाणी जागचं हलत नाही. दोन्ही काठांना लव्हाळं. आणि त्यावर चतुर, टाचण्या, चतुर, टाचण्या.

नातू नऊ वर्षांचा. त्याच्याकडे खिशात मावेल असं एक पुस्तक आहे. पहिल्याच आठवड्यात त्याने माझी शाळा घेतली. "आजी, पंख पसरून बसतो तो लिबेल. पाठीवर मिटून बसते ती युफर." म्हटलं, एवढं मलाही येतं, पहिला चतुर, दुसरी टाचणी. टाचणी म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून माझ्या पदराची पिन काढून दाखवली. तो एवढा खूश झाला की दिवसभर तेच. मग मी विचारलं, तुझी युफर म्हणजे काय रे? तर युफर म्हणजे बाई! तिकडे प्राथमिक शाळेत मुलं बाईंना "युफ" अशीच हाक मारतात. म्हणजे मी ३१ वर्षं टाचणीच होते की.

त्यांच्याकडे नावं कशी आहेत बघा. चराच्या काठी सगळ्यात आधी लाल टाचणी येते, ती "फ्यूरयुफर", आगबाई. काळ्या अंगाची आणि शेपटीच्या टोकाजवळ एकच निळं कडं असलेली "लांटार्न्चे", म्हणजे कंदिलुली. पंखांवर चार काळे ठिपके असलेला "फीरफ्लेक", चारठिपक्या. मोठे चतुर "ग्लाझेनमाकर", खिडकीला काच बसवणारे. एकाचं नाव चक्क "घोडेचाव्या" आहे, आणि तो घोड्याला काय, कुणालाच चावत नाही. देशभरात मिळून ७०च्या आसपास जाती आणि प्रत्येकीला पोरांच्या तोंडी बसलेलं नाव.

आता माझी अडचण. नातू ऑक्टोबरच्या सुट्टीत आमच्याकडे येतोय. त्याने वहीत तीन रकाने आखलेत, डच, लॅटिन आणि मराठी. मराठीचा रकाना मी भरायचा आहे. तिकडे असतानाच सुरुवात केली, तर तो असा झाला: टाचणी, टाचणी, चतुर, चतुर, टाचणी, चतुर. त्याने वही बघितली आणि विचारलं, "आजी, तुमच्याकडे सगळ्यांचं नाव एकच?"

तर प्रश्न असे.

१. तिकडे एक लालभडक चतुर आहे, फ्यूरलिबेल. तोच आमच्या पाण्याच्या टाकीच्या पाइपावर बसतो, पैजेवर सांगते. एकच का दोन?

२. कंदिलुलीसारखी टाचणी मी आमच्या खाजणाच्या बांधावर पाहिली आहे. तीच का?

३. जावयाने थंडीतला एक फोटो दाखवला. वाळल्या काडीला तपकिरी टाचणी चिकटलेली, अंगावर हिम, आणि जिवंत! "विंटरयुफर". मी गेले तेव्हा एप्रिलच्या शेवटी तीच अंडी घालताना पाहिली. आपल्याकडे थंडी नाही, पण सडा, म्हणजे आमचं कातळाचं माळरान, मार्च ते मे करपून निघतो, डबकी कोरडी. मग आपल्या टाचण्या तेव्हा कुठे जातात?

४. मराठी नावं. आहेत का? नसतील तर काय सांगू?

कातळफूल

बाई, नमस्कार. मी फोटो काढतो, शास्त्रज्ञ नाही, त्यामुळे चूक असेल तर जाणकारांनी कान धरावा.

लाल चतुर: पैज हरलात, पण थोडक्यात. दोघे सख्खे चुलत भाऊ. तिकडचा क्रोकोथेमिस एरिथ्रिया, आपला क्रोकोथेमिस सर्व्हिलिया. आपल्याच्या शेपटीच्या पाठीवर मधोमध काळी बारीक रेघ असते, पेनाने ओढल्यासारखी. टाकीवर सकाळी उन्हाकडे पाठ करून बसतो तेव्हा वरून वाकून बघा, दिसेल. शिवाय तिकडचा मुळात भूमध्य समुद्राकडचा राहणारा. हवा तापत गेली तसा गेल्या काही दशकांत वर सरकला आणि हॉलंडात कायमचा झाला. तुमच्या वयाच्या डच बाईंनी लहानपणी तो पाहिलेला असणं कठीण.

कंदिलुली: हेही तसंच. तिकडची इश्नुरा एलेगन्स, खाजणावरची बहुधा इश्नुरा सेनेगालेन्सिस. हिला थोडं मचूळ पाणी चालतं. नातवाला सांगा की माद्यांकडे नीट बघ. एलेगन्सच्या माद्या वयाप्रमाणे रंग बदलतात, जांभळी, नारिंगी, हिरवट, काही तर नरासारख्या निळ्या. पोराने एकाच जातीच्या पाच जाती लिहून ठेवल्या असतील तर आश्चर्य नाही.

विंटरयुफर: हा प्रश्न मस्त विचारलात. ती लेस्टिडी कुळातली. बहुतेक टाचण्या थंडी पाण्यात अंडं किंवा पिल्लू होऊन काढतात, ही पूर्ण वाढलेली, पंखांसकट काढते. आता गंमत अशी की आपल्याकडेही याच कुळातल्या टाचण्या आहेत, लेस्टीस. पाऊस संपल्यावर त्या राई-झाडीत सावलीला जातात, मळकट तपकिरी होऊन काटक्यांवर महिनोन्महिने बसून राहतात आणि मृगाचं पाणी पडलं की उठून डबक्यावर येतात. तिकडची हिम सोसते, इकडची ऊन. मे महिन्यात देवराईत शिरून गुडघ्याएवढ्या उंचीच्या सुक्या काड्या शोधा. पहिली सापडायला मला दोन तास लागले होते, आणि ती नाकासमोर होती.

नावांचं मात्र अवघड आहे. आम्ही आपसात लॅटिनच बोलतो.

उगाच_नको

नावं पाडू नका, एवढंच सांगायला आलो. कुणी तरी कार्यालयात बसून संस्कृत कोशातून नाव काढतं, "नीलपुच्छ" अमुक नि "रक्तवर्ण" तमुक, आणि ते त्या माणसाशिवाय जन्मात कुणी उच्चारत नाही. नाव वापरातून येतं. कोकणी माणसाने माशांना नावं दिली, कारण मासे खायचे होते. बांगडा कुठला नि तारली कुठली हे झोपेत सांगेल. चतुर खायचा नाही, विकायचा नाही, म्हणून एक नाव पुरलं. यात लाज वाटण्यासारखं काय आहे? मुलाला खरं ते सांगा.

निवृत्त_बाई

कातळफूल, फार आभार. टाकीवर आज सकाळीच चढले. काळी रेघ आहे! सून खालून ओरडत होती, ते सोडा.

उगाच_नको, तुमचं माशांचं पटलं, पण अर्धंच. डच लोक तरी चतुर कुठे खातात? पोरं चराकाठी पडीक असतात म्हणून नावं आली. आणि आपण लहानपणी काय केलं? शेपटीला दोरा बांधून उडवले. मीही बांधलाय, शाळेत मुलांना ओरडायचे तेव्हा मनात चोर असायचा. हातात धरलेल्या किड्याला नाव द्यावंसं वाटलं नाही, हे मला खटकतं, बस.

पदरची दोन निरीक्षणं देते. आमच्या जुन्या विहिरीच्या चिऱ्यावर एक चतुर बसतो. बसतो म्हणजे चिकटतो, पोट दगडाला, पंख सपाट. अंगावर काळे, राखी, पांढरे डाग, हुबेहूब शेवाळ वाळलेला चिरा. कळशी ठेवायला हात टेकला तेव्हा बोटाजवळचा दगड उडून गेला. पुन्हा बसल्यावर तो कुठे बसला ते मला माहीत होतं, तरी दिसेना. शेवटी पंखांच्या टोकाजवळ काळ्या टिकलीला दोन्हीकडून पांढरं, अशी खूण सापडली आणि मग सबंध चतुर दिसला. हा कोण?

दुसरं, गेल्या वर्षी डास झाले म्हणून त्याच विहिरीत कुणी तरी न विचारता पावडर ओतली. चार दिवसांनी पाण्यावर काळपट किडे तरंगत होते. डास होते तेवढेच राहिले.

कातळफूल

बाई, ते तरंगणारे किडे म्हणजे चतुराची पिल्लंच असणार. तीच डासांच्या अळ्या खातात. खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो, पुढे आकडे. भक्ष्य टप्प्यात आलं की ओठ सटकन बाहेर. म्हणजे राखणदार मारला आणि चोर सुटला.

चिऱ्यावरचा ब्रॅडिनोपायगा. पावसाचं पाणी साठलेल्या टाक्या, कातळातले खळगे, विहिरी, हीच त्याची जागा. आता ऐका. भारतभर दिसणारा तो जेमिनाटा, पण २०२० मध्ये आपल्या किनारपट्टीवरून त्याच्या एका भावंडाची नवी जात म्हणून नोंद झाली, नाव ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस. म्हणजे लॅटिनच्या रकान्यात कोकण बसलेलं आहे. तुमच्या विहिरीवरचा दोघांपैकी कोण, ते वर्णनावरून नाही सांगता येणार, जवळून फोटो लागेल. २०२२ मध्ये सावंतवाडी तालुक्यातल्या चौकुळच्या नावानेही एक आला, बर्मागोम्फस चौकुलेन्सिस. हॉलंडात नवी जात सापडणं संपलंय, तिथे हरवलेला परत आला याचीच बातमी होते.

निवतीचो_नाखवा

बाईनु, नमस्कार. शिक्षण कमी, म्हणून चुकला तर समजून घ्या.

नावा नाय असा कोण म्हणता? माझी आवस दिवो लावच्या वेळेक उडता तेका "तिन्हीसांजेचो" म्हणी. दिवसभर खंय दिसूचो नाय, काळोख पडाक लागलो की तळयेवर भिरभिरता, मागच्या पंखार पांढरो ठिपको चमाकता. आता ह्या नाव आमच्या घरातलाच, दुसऱ्या वाडीत कोण म्हणता की नाय, माका म्हायत नाय.

आणि एक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमी होडी घेवन भायर जातंव तेव्हा जमीन दिसत नाय इतक्या लांब पिवळे चतुर येवन दोरयेर बसतत. पाणी गोडा नाय, झाड नाय. खंय जातत हे?

कातळफूल

नाखवा, तुमच्या घरातलं नाव सोन्यासारखं आहे. तो थोलिमिस टिलार्गा, आणि संध्याकाळीच उडतो.

दोरीवर बसणारे पिवळे म्हणजे पँटाला फ्लेवेसेन्स. भातकापणीला खळ्यावर थवेच्या थवे असतात ना, तेच. चार्ल्स अँडरसन हे सागरी जीवशास्त्रज्ञ मालदीवात राहत होते. तिथे गोड्या पाण्याचं डबकंही जवळपास नाही, तरी दर वर्षी ऑक्टोबरपासून हे चतुर हजारोंनी येताना त्यांना दिसले. बरीच वर्षं नोंदी ठेवून २००९ मध्ये त्यांनी मांडलं की हे भारतातून निघून वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत पोचतात. तिकडे पाऊस, तिकडे अंडी. परतणारी पुढची पिढी. अख्खा फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरांचा.

बाई, हा चतुर जगभर आहे, पण युरोपात क्वचितच. नातवाच्या डच रकान्यात बहुधा नसेल.

निवृत्त_बाई

काल रात्री व्हिडिओ कॉलवर नातवाला सगळं वाचून दाखवलं. पुस्तक घेऊनच बसला होता. पँटाला शोधला, मिळाला नाही, आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू मीच तो चतुर लपवून ठेवलाय.

"हरवलेला परत आला" यावर जावई मागून म्हणाले, तिकडच्या वाल नदीवर एक चतुर १९०२ नंतर दिसेनासा झाला होता. नदीचं पाणी सुधारलं आणि १९९६ला तो पुन्हा सापडला. हे मी विहिरीत पावडर टाकणाऱ्यांना ऐकवणार आहे, कोण ते कळलं की.

उगाच_नको, रागावू नका, पण आम्ही नावं लिहायला घेतली. कोशातली एकही नाही. नाखवांच्या आईचा "तिन्हीसांजेचा" पहिल्या ओळीत. विहिरीवरच्याला मी "चिऱ्यावरचा" म्हटलं. भाताच्या मळ्यात पंख अर्धे काळे, मग दुधट पट्टा, मग काच, असा एक असतो. त्याला मी "दौत सांडलेला" म्हणणार होते, पण नातवाला दौत ठाऊक नाही. तिथेच गाडी अडली आहे. सुचवा कुणी तरी.

नाखवा, तो आला की एक दिवस होडीवर घ्याल का? समुद्र शांत असला तरच. आणि त्याला होडी लागते, गोळी देऊन पाठवीन.

निवतीचो_नाखवा

येवंदे, बाईनु. कार्तिक लागलो की घेवन या.

उगाच_नको

"शाईडाग्या" म्हणा. दौत कशाला हवी?