प्रतिसाद: खडकात जास्त ते पाण्यात जास्त?

वर कुणीतरी लिहिलंय की खडकात जे मूलद्रव्य जास्त, तेच ओढ्यात जास्त सापडणार. तसं होत नाही. सह्याद्रीतला एखादा काळा धोंडा फोडून बघा: आत काळाकुळकुळीत, बाहेर तांबूस-तपकिरी साल. ती साल म्हणजे मागे राहिलेलं लोह! बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या खडकात, लोह भरपूर, पण हवा लागली की त्याचा गंज होऊन ते जागीच बसतं. महाबळेश्वर-पाचगणीचा जांभा असाच झालाय. स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य मात्र खडकात अगदी थोडं, तरी कॅल्शियमच्या जोडीने फेल्डस्पार या खनिजातून सुटून सहज विरघळतं. आणि हो, ओढ्याच्या पाण्यातलं विरघळलेलं लोह मोजायचं असेल तर पाण्याचा नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळल्यावरच आम्ल घाला. नाहीतर गाळातलं लोहही विरघळून आकडा फुगतो.