मदत हवी आहे: कॉलेजच्या निनावी ‘कन्फेशन पेज’वर भाचीची बदनामी

नमस्कार मंडळी,

माझी भाची पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिथल्या मुलांनी एका ॲपवर ‘कन्फेशन पेज’ चालवलंय. ऑनलाइन फॉर्ममध्ये कुणीही नाव न देता काहीही लिहायचं आणि ॲडमिननं ते पेजवर टाकायचं. ॲडमिन कोण, हे कुणालाच माहीत नाही.

तिच्याबद्दलच्या पोस्टमध्ये नाव नव्हतं. ‘एसवाय मेकॅनिकल, निळी स्कूटी, टर्मवर्कचे मार्क कसे मिळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे’, एवढंच. त्या वर्गात मुली मोजक्याच, निळी स्कूटी एकीकडेच. पहिल्या कमेंटमध्ये कुणीतरी तिचं आद्याक्षर टाकलं, तर पुढच्यानं थेट तिलाच टॅग केलं. मग गॅदरिंगमधला तिचा फोटो कापून त्यावर घाणेरड्या ओळी लिहिलेली दुसरी पोस्ट आली. खाली हसणारी तोंडं, त्यातली निम्मी रोज तिच्याबरोबर प्रॅक्टिकलला असणारी. ते तर स्वतःच्या नावानंच हसताहेत, म्हणून हा सगळा दोष निनावीपणाचा आहे असं मला वाटत नाही.

सबमिशन तोंडावर आलंय आणि पोरगी घरी येऊन बसलीय. ॲपवर रिपोर्ट केलं, तर ‘नियमांचं उल्लंघन आढळलं नाही’ असं उत्तर आलं. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे गेलो, तर त्यांनी विचारलं, “तक्रार कुणाविरुद्ध? नाव द्या.” एका वरिष्ठ सरांनी तिलाच काही दिवस अकाउंट बंद ठेवायला सांगितलं. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं का म्हणून लपायचं?

तिचे बाबा म्हणतात, सगळी अकाउंटं आधारला जोडा म्हणजे असले प्रकार बंद होतील. मला ते पटत नाही. गेल्या वर्षी होस्टेलच्या वॉर्डनचा जाच याच पेजवर निनावी लिहिल्यामुळे बाहेर आला. स्वतःच्या नावानं एकही मुलगी बोलली नसती. दक्षिण कोरियानं २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवूनच लिहू द्यायचा नियम केला होता. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या सेवेतून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं तो नियमच रद्द केला. मला सगळ्यांची नावं उघडी पाडायची नाहीत. या दोन पोस्ट निघाल्या पाहिजेत आणि त्या टाकणाऱ्याला जाब द्यावा लागला पाहिजे.

नाव माहीत नसताना पोलिसांत तक्रार घेतात का? समितीला काय सांगायचं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

ताई, आधी पुरावा जपा. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. प्रत्येक पोस्टची लिंक, पेजचं नाव, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि ज्या फोनवर हे घेतलं तो फोन रीसेट करू नका. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्याचं प्रमाणपत्र लागतं.

गुन्हा अज्ञात व्यक्तीविरुद्ध नोंदवता येतो. ओळख शोधणं पोलिसांचं काम. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांसंबंधीची तक्रार निनावीही करता येते, पण तुम्ही नाव देऊनच करा, म्हणजे पाठपुरावा करता येईल. भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ (शब्दांनी किंवा कृतीनं स्त्रीच्या विनयाचा अपमान करणं) इथे लागू शकतं. कुणी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ लावा म्हणालं तर ऐकू नका, सर्वोच्च न्यायालयानं ते मार्च २०१५ मध्येच रद्द केलंय.

ॲपच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला स्वतंत्र मेल करा, साधं रिपोर्ट बटण वेगळं. त्यानंही नकार दिला तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. आणि उशीर करू नका. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अकाउंट बंद झाल्यावर नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे. पुढे ती मिळेलच असं नाही.

समितीला नाव हवंय ना? मग टॅग करणाऱ्याचं आणि आद्याक्षर टाकणाऱ्याचं द्या. ते विद्यार्थी आहेत आणि स्वतःच्या अकाउंटवरून बोललेत. फक्त लैंगिक छळाबद्दलच्या यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे, ती पाळा.

धागाकर्ती:

मनापासून आभार. टॅग करणाऱ्यांची नावं द्यायचं डोक्यातच आलं नव्हतं. भाचीशी बोलले, ती तयार आहे; सोमवारी आम्ही दोघी समितीकडे जातोय. एवढंच सांगा, अर्ज मराठीत दिला तर चालतो का? तिला जे म्हणायचंय ते तिला मराठीतच नीट लिहिता येईल.