कल्पित भाषेतला वाक्यक्रम कसा ठरवायचा? सल्ला हवा आहे

शब्दवेडी
मुलांसाठी एक दीर्घकथा लिहितेय. नदीवर होड्या चालवणारे लोक आणि त्यांची स्वतःची भाषा. दोनेकशे शब्द तयार आहेत, पण वाक्य करायला बसले की सगळं मराठीच होतं. "नुरा तेमी काशो" म्हणजे "म्हातारी होडी वळवते". लेक ऐकून म्हणाली, "आई, ही तर आपली च-ची भाषा झाली!" तेव्हापासून चैन नाही. कर्ता, कर्म, क्रियापद यांचा क्रम कोणता घेऊ? कोणी असं काही केलं असेल तर कृपया सांगा.

पैलतीर
आधी खऱ्या भाषा काय करतात ते बघा. वाल्स नावाचा भाषावैशिष्ट्यांचा नकाशासंग्रह ऑनलाइन मोफत आहे, त्यात तेराशेहून जास्त भाषांचा वाक्यक्रम नोंदवलाय. आपल्यासारख्या, क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा सर्वांत जास्त, साडेपाचशेच्या वर. त्याखालोखाल इंग्रजीसारख्या. क्रियापदाने सुरुवात करणाऱ्या शंभराच्या आसपास, त्यात आयरिश आणि वेल्श. कर्म आधी, कर्ता शेवटी अशा तर जेमतेम अकरा. ब्राझीलमधली हिश्कार्याना ही त्यांतली एक.

भाषातज्ज्ञ मार्क ओक्रँडने १९८४च्या सुमारास "स्टार ट्रेक" चित्रपटांसाठी क्लिंगॉन भाषा घडवली तेव्हा हाच दुर्मीळ क्रम मुद्दाम निवडला, कारण ती परग्रहवासीयांची भाषा होती. "पुक लेघ याष" म्हणजे "अधिकारी मुलाला पाहतो". पुक मूल, लेघ पाहणे, याष अधिकारी. तुमची माणसं पृथ्वीवरची वाटतात, त्यांना इतकं परकं करू नका असं माझं मत.

ओलीमाती
माझा सल्ला थोडा वेगळा. क्रम नंतर ठरवा. आधी हे ठरवा, की कोणी केलं आणि कोणाला केलं हे ऐकणाऱ्याला कळणार कशावरून?

मराठीत बघा. "दगड काच फोडतो" हे उलटं करून "काच दगड फोडतो" म्हटलं तरी फोडणारा दगडच, कारण "फोडतो" पुल्लिंगी आहे. आता "हातोडा दगड फोडतो" घ्या. दोन्ही पुल्लिंगी, दोन्ही निर्जीव, प्रत्यय कुठेच नाही. "दगड हातोडा फोडतो" म्हटलं की हातोड्याची चिंता वाटायला लागते. लिंग आणि प्रत्यय दोन्ही गप्प बसले, की सगळा भार क्रमावर येतो. शब्द मोकळे फिरायला हवे असतील तर प्रत्यय द्या, प्रत्यय नको असतील तर क्रम पक्का ठेवा.

हिरवातारा
दुजोरा. मी एस्पेरांतो ही घडवलेली भाषा शिकतोय. झामेनहोफने १८८७ साली वॉर्सात ती प्रसिद्ध केली तेव्हा कर्माला "न" जोडायची सोय ठेवली. "ला कातो चासास ला मुसोन" म्हणजे मांजर उंदराचा पाठलाग करतं. "ला मुसोन चासास ला कातो" म्हटलं तरी अर्थ तोच, फक्त रोख उंदरावर जातो. गंमत म्हणजे तिथला "ला" इंग्रजी "द"सारखा नामाच्या आधी येतो आणि विभक्तीशी त्याचा काही संबंध नाही. पहिला महिनाभर प्रत्येक "ला" मला आपला "ला" वाटायचा.

शब्दवेडी
ओलीमाती, हातोड्याचं वाक्य वहीत लिहून घेतलं. रात्री एक सुचलं. हे लोक नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला हाका मारतात, वारा निम्मे शब्द पळवतो. मग काय करायचं ते आधी यायला हवं ना? "काशो नुरा तेमी." वळवते म्हातारी होडी. लगेच दुसऱ्या भाषेसारखं वाटलं!

ओलीमाती
फार छान, कारण हा क्रम त्यांच्या जगण्यातून आला. आता दोन गोष्टी करा. एक, क्रियापदाने वाक्य सुरू करणाऱ्या भाषांत "घरात"मधल्या "आत"सारखे शब्द बहुतेक नामाच्या आधी येतात. जोसेफ ग्रीनबर्गने १९६३मध्ये हे मांडलं होतं. म्हणून "होडीत" नको, "आत होडी" करा. मराठीपणा खरा इथेच सुटेल. दोन, "आंबा खाल्ला" पण "मुलाला पाहिलं", तसा प्रत्यय फक्त सजीव कर्माला द्या. होडी कोणाला वळवत नाही, तिथे घोटाळा होत नाही. पण मगर आणि माणूस एका वाक्यात आले, की कोणी कोणाला पकडलं हे कळायलाच हवं.

शब्दवेडी
सजीव कर्माला "म" लावते. आता एकच अडलंय: प्रश्नाला हो-नाही कसं म्हणतील?

पैलतीर
आयरिशकडून घ्या. तिथे हो-नाहीला सुटे शब्दच नाहीत, क्रियापदच परत म्हणतात. आपल्याकडेही "जेवलास का?" विचारलं की "जेवलो" म्हणतोच की आपण. पलीकडच्या काठावरून "काशो?" अशी हाक आली, की म्हातारीने नुसतं "काशो" म्हणायचं.