सुपरमार्केटचा ब्रेड हलाल आहे का, कसं ओळखायचं? मदत हवी आहे

आम्ही रोज खातो त्या स्लाइस ब्रेडवर हलालचा शिक्का नाहीये आणि शाकाहारी किंवा व्हीगन असंही काही लिहिलेलं नाही, म्हणून मागची यादी वाचायला घेतली तर डोकंच फिरलं. मैदा, यीस्ट, मीठ ठीक आहे, ई२८२ (ई-नंबर म्हणजे अन्नात मिसळायच्या घटकांचे कोड) बुरशी लागू नये म्हणून असतं त्याचंही काही नाही, सोया लेसिथिनपण चालेल. अडलंय ते ई४७१ आणि ई४७२ई या इमल्सिफायरवर (तेल-पाणी एकजीव ठेवणारे घटक), कारण ही दोन्ही फॅटपासून बनतात आणि ते फॅट वनस्पतीचं की जनावराचं हे पाकिटावर लिहीतच नाहीत! ई९२० (एल-सिस्टीन, कणीक मऊ करायला घालतात ते) पिसांपासून किंवा केसांपासूनही काढतात म्हणे, पण ते यादीत दिसलं नाही.

कंपनीला मेल केला, तर उत्तर आलं की "आमच्या उत्पादनात डुकराचं मांस नाही". अहो, मांस कोण विचारतंय?

घरी बनवा किंवा दुसरा ब्रँड घ्या हे कृपया सांगू नका, ते करून झालंय, रोज जमत नाही. कंपनीला पुन्हा मेल करायचाय, तर नेमकं काय काय विचारू म्हणजे त्यांना गोल गोल उत्तर देता येणार नाही? आणि फक्त "व्हेजिटेबल ओरिजिन" एवढं लेखी आलं तर पुरेसं धरायचं का, की एन्झाइम आणि साच्याला लावायचं तेल हेही वेगळं विचारावं लागतं?