‘बाटवलं’ की ‘धर्मांतर घडवून आणलं’?

धागाकर्ती:
फ्रँकांच्या राजाने, शार्लमेनने, आजच्या उत्तर जर्मनीतल्या सॅक्सन लोकांना ख्रिस्ती केलं, त्या प्रकरणाचा अनुवाद करते आहे. ७८५च्या आसपासचं त्याचं एक फर्मान आहे. बाप्तिस्मा टाळून लपून राहणाऱ्या सॅक्सनाला देहदंड. धर्माला न जुमानता लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपासात मांस खाल्लं, देहदंड. मेलेल्याला जुन्या रीतीने अग्नी दिला, तरी देहदंड. मी लिहिलं, ‘शार्लमेनने सॅक्सनांना बाटवलं.’ संपादकांनी ते खोडून ‘धर्मांतर घडवून आणलं’ केलं. घडवून आणतात समेट, भेटीगाठी! काय लिहू?

मालवणकर:
‘बाटवलं’ सोडू नका. आजी सोवळ्यात असताना आम्ही शिवलो की ‘बाटवलंस मला’ म्हणायची आणि ओलं लुगडं नेसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नको असताना दुसऱ्याने केलेलं, हे त्या एका क्रियापदात आहे. मूळ ‘भ्रष्ट’ असावं.

शब्दनिष्ठ:
‘भ्रष्ट’चं प्राकृतात ‘भट्ठ’ होतं. मग मराठीत ‘भाट’ यायला हवं, ‘बाट’ कसं येईल? आणि ‘सक्तीचं’, ‘जबरदस्तीचं’ असं कुणी सुचवण्याआधीच सांगतो, दोन्ही फारसीतून आलेत. ‘बलात् धर्मांतर’ लिहा.

मालवणकर:
‘बलात्’ वाचून लोकांना आज काय आठवेल ते तुम्हालाही माहीत आहे. सक्ती मराठीच आहे, आम्ही ती शाळेत भोगलीय.

वसईकर:
मी कॅथलिक. ‘बाटगा’ हा शब्द शाळेत असताना मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे, तेव्हापासून ‘बाटणे’ मला सहज वाचता येत नाही. त्यात बाप्तिस्म्याच्या पाण्याला विटाळ मानलेलं आहे. आमच्याकडे त्याच विधीला स्नानसंस्कार म्हणतात. पण ‘धर्मांतर’ही नको. शार्लमेनच्याच दरबारातल्या अल्क्विन या धर्मपंडिताने ७९६ साली लिहिलं, माणसाला बाप्तिस्म्याला लोटता येईल, श्रद्धेला नाही. त्याला त्या काळी जो फरक दिसला तो अनुवादात का पुसायचा? ‘बाप्तिस्मा घ्यायला लावला’ लिहा. झालं तेवढंच सांगा.

धागाकर्ती:
हे पटतंय. पण ‘घ्यायला लावला’त रक्त दिसत नाही. ७८२ मध्ये व्हेर्डनला एका दिवसात ४,५०० सॅक्सनांची मुंडकी उडवली, असं फ्रँकांच्या स्वतःच्या बखरीत आहे. वाक्य सॅक्सनांच्या बाजूने वाचलं जावं असं मला वाटतं, आणि ती बाजू ‘बाटवलं’मध्ये येते. आणखी एक अडचण, ‘पेगन’ला, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्या, जुना धर्म पाळणाऱ्याला, ‘मूर्तिपूजक’ लिहू का? ७७२ मध्ये शार्लमेनने पाडला तो सॅक्सनांचा पवित्र इर्मिन्सूल म्हणजे लाकडाचा थोरला खांब, मूर्ती नव्हे.

शब्दनिष्ठ:
‘पाखंडी’ लिहा.

वसईकर:
पाखंडी म्हणजे आपल्याच धर्मात राहून वेगळं बोलणारा. सॅक्सन मुळात त्या धर्मात नव्हतेच.

मालवणकर:
पेगनचं मूळ लॅटिन पागानुस, म्हणजे खेडूत. ‘गावंढळ’च म्हणा!

शब्दनिष्ठ:
आणि पाखंडी ही शिवी नव्हेच. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे कुठलाही पंथ, आणि सगळ्या पासंडांना मान द्या असं तो सांगतो. शब्द चांगला होता, नंतर नासला.

मालवणकर:
कधी नासला? ज्ञानेश्वरांपर्यंत येताना की आधीच? यावर वेगळा धागा काढा हो, मला खरंच हवं आहे.

धागाकर्ती:
काढा. पण संपादकांना मी उद्या काय पाठवू?